सादेची फेरी

आमच्या घरात देव्हारा लहान होता आणि कागदांची पेटी मोठी होती. वडील कल्याणच्या कचेरीत कारकून. सभांतली भाषणे, निबंध, विनंतिअर्ज अशी पातळ पिवळट कागदावर छापलेली, दोऱ्याने शिवलेली चोपडी ते जमवीत. दारू, बालविवाह, मुलींच्या शाळा, मुक्या जनावरांचे हाल, घाण विहिरी. जगातल्या प्रत्येक वाईट गोष्टीवर त्या पेटीत कोणी ना कोणी संतापलेले होते. मी वाचायला शिकलो तो त्या चोपड्यांवर. त्यामुळे एक समजूत माझ्या अंगात मुरली. माणूस वाईट वागतो तो त्याला कोणी नीट सांगितलेले नसते म्हणून. नीट सांगितले, आणि छापून सांगितले, तर तो सुधारतो. ही समजूत अजून पुरती गेलेली नाही.

माघात खाचरे वाळून कडक झाली की ठाकुर्लीच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला, बैलांच्या शर्यती होत. पराणीची अणकुचीदार टोके, पिळलेल्या शेपट्या, ताडीची मडकी या सगळ्यांचा वडिलांना मनस्वी तिटकारा. तरी दरवर्षी ते माझे बोट धरून उजाडताच चालत निघत, कारण शर्यतींचा आरंभ सादेच्या फेरीने होई.

ही फेरी अशी. रिकाम्या छकड्याला जोडी जुंपून ती शेताच्या एका टोकाला उभी करायची. छकड्यात कोणी बसायचे नाही. बैलांचा धनी दुसऱ्या टोकाला, खाडीकडच्या बांधावर. तिथून त्याने साद घालायची आणि बैलांनी ती ओळखून, मध्ये कुठेही न वळता, त्याच्यापाशी येऊन थांबायचे. एका वेळी एकच जोडी. पराणी नाही, आसूड नाही. किती वेगाने आले ते कोणी विचारीत नसे, कसे आले ते विचारीत. आणि बैलांना धन्याचा आवाज ऐकू जावा म्हणून सगळे शेत गप्प राही.

ती शांतता मी नंतर कुठेच ऐकली नाही. देवळात नाही, सभेत तर नाहीच. रडणाऱ्या पोराला आई पदराखाली घेई. खोकला आलेला माणूस तोंडावर उपरणे धरून खाली बसे. बगळा उडाला तर त्याचे पंख ऐकू येत. मग लांबून ती साद, आणि पाठोपाठ चाकांची घरघर. फेरी संपली की वडील धोतर झटकीत उठत. "चला," ते म्हणत, "आता माणसांचा खेळ सुरू होईल."

वडील गेले. आई थोरल्या भावाकडे कोकणात राहायला गेली. मी कल्याणातच शाळेत मास्तर झालो, एका घराच्या माडीवर खोली घेतली आणि पेटी तिथे नेली. शाळेतल्या सोबत्यांना बैलांचे वेड हसण्यासारखे वाटे. "काय हो, परीक्षा बैलांची घेणार की त्यांच्या धन्यांची?" असे ते दर माघात विचारीत. उलट शेतावर गेलो तर गावची माणसे "मास्तर आले, जागा द्या" म्हणून बाजूला सरत. मी कुठेही उभा राहिलो तरी माझ्या दोन्ही अंगांना थोडी जागा मोकळी राही.

पुढे गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळू लागली. तशी सुट्टी मिळावी म्हणून केलेल्या एका अर्जाची छापील प्रत आमच्या पेटीत होती. वडिलांनी तिच्यातल्या ओळींखाली रेघा मारल्या होत्या. त्या सुट्टीचा मला आनंदच झाला. पण शर्यती मग रविवारी भरू लागल्या आणि आगगाडीने मुंबई-ठाण्याची माणसे उतरू लागली. ती शर्यतीला येत नव्हती, धुडगूस घालायला येत होती. पत्र्याचे डबे बडवायचे, बायकांच्या घोळक्याजवळ जाऊन अचकट विचकट गाणी म्हणायची, हरलेल्या जोडीला ढेकळे मारायची. सादेच्या फेरीला त्यांना कंटाळा येई. "अरे, गाडीत माणूस कुठंय? गाडीवान मेला काय?" असे कोणी ओरडे आणि हशा पिके. एका वर्षी त्या गोंगाटाने एक जोडी बिचकून थेट माणसांत शिरली. कोणाला फार लागले नाही. पण पुढच्या माघापर्यंत एकेका धन्याने अंग काढून घेतले आणि फेरीला एकच जोडी उरली.

ती जोडी ठाकुर्लीजवळच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याची. बायको मेलेली, मूलबाळ नाही. उंच, वाळकुडा, मिशांना तेल लावणारा आणि स्वतःच्या आवाजाचे भारी कौतुक असणारा माणूस. मी त्याला काका म्हणत असे. शर्यतींच्या पंचांनी त्याला बजावले होते की यंदा फेरी नीट झाली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षापासून बंद. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो बैलाच्या मानेवरच्या गोचिड्या काढीत होता.

"काका, यंदा फेरी घालणार ना?"

"मी नाय तं काय तुजा पंच घालनार? माज्या आवाजावं खारीतली मासली पन वर येतान. ईचार कुनाला बी."

"आणि लोक गप्प बसले नाहीत तर?"

त्याने गोचीड दगडावर चिरडली. "तं मंग बैलांनी कुनाचा ऐकाचा?"

मी म्हणालो, "मी पत्रक काढतो. फेरी काय आहे, गप्प का राहायचे, सगळे छापतो आणि स्टेशनावर उतरेल त्याच्या हातात देतो."

तो इतक्या मोठ्याने हसला की बैलाने मान वळवून पाहिले. "ताडी पिऊन आलेल्याला तू वाचाया बसवनार? आरं मास्तर, त्याला सोताचा पाय दिसं ना, तुजी अक्षरां कशी दिसतील?" मग हसू थांबवून तो म्हणाला, "काढ पन. तुजा बापूस पन तुज्यावानीच होता. बांधावं बसाचा. माजी जोडी पोचली का मान हलवाचा, बस. मी तेवराच बघाचो."

वडील मान हलवीत हे मला ठाऊक नव्हते. मी त्या वेळी बैलांकडे पाहत असे.

पत्रक मी तीनदा लिहिले. पहिले अर्ज वाटत होते, दुसरे शिवी वाटत होते. तिसरे ठाण्याला घेऊन गेलो. तिथे खोपट भागाच्या वाटेवर एक लहानसा छापखाना होता. त्याच्या मालकाने उभ्याउभ्याच मजकूर वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "मास्तर, इतक्या रागाने शांत राहा म्हटलेले मी पहिल्यांदाच छापतोय."

माथ्यावर मोठ्या ठशात 'शांत राहा' होते. खाली बैलाला बोलता येत नाही पण ऐकू येते, आणि घटकाभर मुके राहणे हे बोलता येणाऱ्याला जड नसावे, असे काही होते. मला ते वाक्य फार आवडले होते.

शर्यतीच्या रविवारी सकाळी मी स्टेशनाबाहेर उभा राहिलो. लोकांनी पत्रके घेतली! नाकारली कोणीच नाहीत. "नाटक कुठलं हो?" एकाने विचारले. एका म्हाताऱ्या हमालाने कागद दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला आणि मुंडाशात खोचला. त्याला वाचता येत नव्हते. छापलेला कागद पायाखाली येऊ नये इतके त्याला कळत होते. तसे करणारे पुष्कळ होते. गठ्ठा संपला तेव्हा मी जवळजवळ धावतच शेताकडे गेलो. वडिलांना हे दाखवायला हवे होते, असे सारखे मनात येत होते.

काका खाडीकडच्या बांधावर जाऊन उभा होता. नवा फेटा. जोडी या टोकाला, तिला धरायला त्याचा भाचा. पंचाने हात वर केला आणि खरोखरच गलका कमी झाला. क्षणभर, अगदी क्षणभर, मला ते जुने शेत ऐकू आले.

मग डावीकडून एक आवाज आला, जाड आणि फाटका, रेड्याच्या हंबरण्यासारखा. त्याला उजवीकडून दुसऱ्याने उत्तर दिले. मी वळून पाहिले. पांढरे अंगरखे घातलेली ठाण्याची चार-सहा तरुण माणसे उभी होती, माझ्यासारखीच कुठेतरी लेखणी चालवणारी असावीत. त्यांनी पत्रकाची पुंगळी केली होती आणि तोंडाला लावून ती फुंकीत होती. 'शांत राहा' ही अक्षरे पुंगळीच्या तोंडाशी गोल वाकलेली मला स्पष्ट दिसत होती. पाहता पाहता तो खेळ पसरला. ज्यांच्या हातात पत्रक होते त्यांनी पुंगळी केली, नव्हते त्यांनी शेजाऱ्याचे अर्धे फाडून घेतले. मुंडाशांत खोचलेले कागद तेवढे मुंडाशांत राहिले.

भाच्याने बैल सोडले. काकाचा हात तोंडाशी गेलेला दिसला, मान मागे गेलेली दिसली. साद ऐकू आली नाही. बैल सवयीने निघाले, अर्ध्यावर आले आणि उभे राहिले. कान इकडे फिरवीत, तिकडे फिरवीत. हंबरणारे सगळीकडे होते आणि धनी कुठेच नव्हता.

मी जवळच्या बांधावर चढलो आणि ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. त्या पेटीतले सगळे शब्द असावेत. अंगरखेवाल्यांतला एक पुंगळी काढून अगदी अदबीने म्हणाला, "मास्तर, शांत राहा!" आसपासचे सगळे शेत हसले. पहिले ढेकूळ त्यानंतर पडले, छकड्याच्या चाकावर.

काका बांध उतरून चालत आला. वाटेत कोणीतरी त्याच्यापुढे पराणी धरली. "घे ना रं, टोच, आपसूक पलतील!" त्याने ती घेतली नाही, त्या माणसाकडे पाहिलेही नाही. बैलांपाशी पोचल्यावर त्याने एक हात जुवावर ठेवला आणि त्यांना घेऊन सबंध शेत चालत पार केले, ढेकळांतून, पुंगळ्यांतून. फेटा सुटून खांद्यावर आला होता. तो माझ्या जवळून गेला पण थांबला नाही. माझ्याशी बोलेल असे मला वाटले होते.

संध्याकाळी पंच देवळापुढे बसले. मी न बोलावता गेलो. म्हणालो, "दंगा करणाऱ्यांना आवरा. फेरी का बंद करता? चोर शिरला म्हणून घर पाडतात काय?"

मुख्य पंच चांगला माणूस होता. तो म्हणाला, "मास्तर, तुमचं खरं हाय. पन ही जत्रा आता मान्सांवं चालतं. फेरी नसली तरी मान्सां येतील. मान्सां नसली तं काय?"

"बैल असतील," मी म्हणालो.

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे वाटले असते. त्यांनी विषय बदलून पुढच्या वर्षीच्या मांडवाचे बोलणे काढले आणि मी उठेपर्यंत माझ्याकडे कोणी पाहिले नाही.

त्या आठवड्यात मी वाडीत गेलो नाही. पुढच्या रविवारी सकाळी शर्यतीच्या शेतावर गेलो. शेत रिकामे होते. पुंगळ्या दवाने भिजून जमिनीला चिकटल्या होत्या. काका जोडी घेऊन तिथेच होता, एकटा. मला पाहून तो म्हणाला, "बरा झाला आलास. भाचा येत नाय आता. लाजतं. इथं धर यांना. मी वरडलो का सोड."

तो चालत खाडीकडच्या बांधावर गेला. कोणीही नव्हते. लांब रुळांवरून एक मालगाडी गेली आणि मग तीही नव्हती. त्याने साद घातली. लहानपणानंतर प्रथमच मी ती पुरती ऐकली. खाली सुरू होऊन वर जाणारी, शेवटी किंचित फाटणारी. मी हात सोडले. बैल निघाले, सरळ, देखणे. आणि अर्ध्यावर, नेमके त्याच जागी, उभे राहिले. कान इकडे फिरवीत, तिकडे फिरवीत.

त्याने पुन्हा साद घातली. शेत इतके शांत होते की माझा श्वास मला ऐकू येत होता. बैल हलले नाहीत.

तो चालत आला. या खेपेला त्याच्या तोंडावर मिशीचा तोरा नव्हता. बैलांच्या कपाळांवर हात फिरवीत तो हळू म्हणाला, "यांच्या कानात अजून ती मान्सां हायत, मास्तर."

मी पुष्कळ बोलू शकलो असतो. त्या पांढऱ्या अंगरख्यांवर तर एक चोपडे होईल इतके माझ्यापाशी आहे आणि मी ते लिहिणार आहे, कारण ज्याला वाचता येते त्याला मी माफ करीत नाही. पण त्या सकाळी मी जुवाला हात लावला. आम्ही जोडी वळवून पुन्हा या टोकाला आणली.

तेव्हापासून दर रविवारी मी कल्याणाहून रुळांच्या कडेने चालत जातो. माझे काम बैल धरणे, सोडणे आणि तोंड मिटून उभे राहणे. काका साद घालतो, ते अर्ध्यावर थांबतात, तो चालत येतो. मग आम्ही परततो. तो त्याच्या वाटेने जातो, मी माझ्या. अर्ध्याच्या पुढे, खाडीच्या बाजूला, एक खुरटी बाभळ आहे. गेल्या रविवारी बैल त्या बाभळीपर्यंत आले. तिथे थांबले. काकाने बांधावरून माझ्याकडे पाहिले आणि मी, एवढ्या लांबून त्याला दिसेल की नाही हे ठाऊक नसताना, मान हलवली.