पापडाला कोण कोण आलं?

पेठच्या एसटी स्टँडवर आईने माझ्या पिशवीत पोळपाट-लाटणं कोंबलं, तेव्हा माझा नवरा यशवंत हसायला लागला. "नाशकात सगळं मिळतं, मामी."

"लाटणं मिळंल. लाटायला बाया कुठं मिळतील?" आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "हे हातात असलं की कोणाचंबी दार उघडंल."

यशवंतला नाशकातल्या अंबडच्या कारखान्यात कायमची नोकरी लागली होती. मी इतकी खुशीत होते, की घाट संपेपर्यंत मागे वळूनही पाहिलं नाही.

पाड्यावर राहिलेल्या बायांनो, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? विहीर तळाला गेली की डोक्यावर दोन हंडे घेऊन ती चढण चढताना मानेचे काय हाल होतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे भाड्याच्या दोन खोल्या आणि चक्क आत नळ! सुरुवातीला मी तो उगाच सोडायची आणि बंद करायची. मग सवय झाली. फ्रिज आला, त्याचीही झाली. सुखाची ही खोड मला कोणी सांगितली नव्हती. ते घरात येतं आणि भिंतीच्या रंगासारखं दिसेनासं होतं.

यशवंत शिफ्टला, मुलगी शाळेत. दार लावलं की मी एकटी. हळूहळू भूक मेली, सकाळी उठवेना. तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. फोनवर आई विचारायची, "बरी हायेस ना?" मी म्हणायची, "मजेत." पण आईच ती, तिने आवाजावरून ओळखलं. "नाय करमत तर पोरीला घेऊन ये. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे."

पोरीची शाळा तोडून तिच्या डोक्यावर हंडा द्यायचा? ते मी होऊ देणार नव्हते. पण मी अशीच राहिले तर जावं लागेल, हेही मला दिसत होतं.

डॉक्टरांनी सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेवटचं पोट धरून कधी हसलात?"

मला नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पापडांचे दिवस आठवले. आपल्याकडे एका घरातून उकडीचा वास सुटला, की बाया आपापलं लाटणं घेऊन बिनबोलावता येतात. आज तुझे, उद्या माझे. आमंत्रण दिलंच तर रुसतात, "आम्ही काय पावण्या हाय?" मी लग्न करून दुसऱ्या पाड्यावर गेले, तरी आई दर उन्हाळ्यात एवढंच विचारायची, "पापडाला कोण कोण आलं?" पापड किती झाले, हे तिने कधीच विचारलं नाही.

"मग तसं इथे काय करता येईल?" हे मी सांगितल्यावर बाई म्हणाल्या.

चैत्रात एके दिवशी समोरच्या शिंदे काकूंकडून पीठ कुटल्याचा आवाज आला. उडदाचे पापड! मी आईचं लाटणं घेतलं आणि त्यांचं दार वाजवलं. काकूंनी आधी लाटण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगं, आम्ही लावलीय बाई पापडाला. पुढच्या वर्षी सांगीन हं तुला." दार बंद झालं.

त्यांचं तरी काय चुकलं? इथे लाटणं घेऊन येते ती कामाचीच बाई. कामाची मला लाज नाही, पण त्या दिवशी मी ढसाढसा रडले. 'परत येते' म्हणून सांगायला आईला फोन लावला. रिंग वाजत असताना मनात आलं, आईच्या उकडीचा वास पाडाभर जायचा, कारण तिचं दार उघडं असायचं. माझं दार सदा बंद. मग वास जाणार कुठून? मी फोन कट केला.

दुसऱ्या दिवशी नागलीची उकड काढली, दार सताड उघडलं आणि दारातच पोळपाट मांडला. जिन्यातून जाणारे बघायचे आणि पुढे निघून जायचे. माझे कान लाजेने तापले होते. तरी दार लोटलं नाही, लाटत राहिले.

दुपारी काकू थबकल्या. "हे काळपट कसले गं?"

"नागलीचे. गरम उकड खाऊन बघा, तेल घालून."

त्यांनी उभ्या उभ्याच खाल्ली आणि घरात निघून गेल्या. संपलं, मला वाटलं. पण त्या परत आल्या, हातात स्वतःचं लाटणं घेऊन. "काल मी तुला..." त्या म्हणायला लागल्या. मी सरकून जागा दिली. त्यांचा पहिलाच पापड मधोमध फाटला.

"काकू, तुम्हाला नाही हो कोणी कामावर ठेवणार," मी म्हणाले. त्या आधी चपापल्या, मग दोघी पोट धरून हसलो.

घर सोडून आलेल्यांनो, उदासी एका दिवसात जात नाही. माझीही अजून येते, आणि मी अजून त्या बाईंकडे जाते. पण आता दार उघडं ठेवते आणि इथेच राहणार आहे.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. या वेळी 'मजेत' म्हणाले नाही. "आई, आज पापड केले."

ती म्हणाली, "कोण कोण आलं?"

"एकच आली."

"बोलावली होतीस?"

"नाही."

"मग ऱ्हा तिथंच," आई म्हणाली.