पाडव्याचा सिगार

आमच्या घरात तंबाखू दोन वाटांनी आली. माझी मिश्री माहेरची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी दातांना लावून मागच्या दारी बसायचं, ही सवय मला आईकडून लागली ती आजवर सुटली नाही. यांचे सिगार मात्र समुद्रावरचे. माझे यजमान मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. अर्धं आयुष्य पाण्यावर काढून आमच्या गावी, निमगाव सावाला कायमचे परतले, तेव्हा कप्तानानं निरोपाची भेट म्हणून एक लाकडी पेटी दिली होती. आत अंगठ्याहून जाड, काळपट, तेलकट दिसणारे सिगार ओळीनं झोपवलेले. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी माणूस बायकोला काही सोन्याचं आणेल. यांनी तंबाखू आणली, आणि तीही लगेच ओढायची नाही म्हणाले.

"मुरवायचे असत्यात हे," मला समजावून सांगितलं. "लोणच्यावानी. जितकं थांबशील तितकी चव उतरती."

मग नियमच झाला. वर्षातून एकच सिगार, तो दिवाळीच्या पाडव्याला. मी ओवाळलं की हे पेटी घेऊन गोठ्यामागं खाटेवर जाऊन बसायचे. मी समोर दगडावर. सिगार आधी कानाशी धरून हलकेच दाबायचे, मग नाकाखालून फिरवायचे, मग टोक कापून, काडी लांबूनच दाखवत सावकाश पेटवायचे. एवढ्या वेळात माझ्या पुरणपोळ्या झाल्या असत्या, असं मी दरवर्षी म्हणायचे.

"धूर गिळायचा न्हाई. तोंडात धरायचा, जिभेवरनं फिरवायचा, सोडायचा."

"मी रोज सकाळी तेच करते," मी म्हणायचे. "फक्त धूर काढत नाही."

यावर हे हसायचे आणि मग चव सांगायला लागायचे. ते मला मनापासून आवडायचं. स्वयंपाक्याची जीभ होती ती, आमटीत हिंग फोडणीत पडला की नंतर, हेही ओळखणारी. पहिल्या वर्षी म्हणाले, नुसती मिरी आहे, हिरव्या मिरचीसारखी टोचते. पुढच्या खेपेला मिरी मऊ झाली आणि मागून भाजलेला गूळ आला. मग कधी कॉफी, कधी नव्या चपलेच्या कातड्याचा वास, शेवटी शेवटी कडू बदाम. "आता तोंड भरतंय बघ," असं म्हणून डोळे मिटून बसायचे. मी सिगार कधी ओढला नव्हता, पण तो कसा मुरत चाललाय ते मला तोंडपाठ होतं.

यंदा श्रावणात एक गडबड झाली. पेटी कोरडी पडू नये म्हणून हे ती पत्र्याच्या ट्रंकेत ठेवत आणि शेजारी एका डब्याच्या झाकणात ओला कापूस. मी ट्रंक उघडली तर सिगारांवर पांढरी भुकटी. बुरशीच ही, असं मला वाटलं. आम्ही कांदेवाले. आमच्याकडं ओल म्हणजे सड, एवढंच शास्त्र. आमची कांद्याची चाळ उभी आहे तीच मुळी बांबूच्या पट्ट्यांवर, खालून वारा खेळावा म्हणून. हे कांदा घेऊन मंचरच्या बाजारात गेले होते. मी काही विचार न करता सगळे सिगार पुसले आणि चाळीत एका मोकळ्या कप्प्यात हारीनं मांडून दिले. वारा लागला की जातील ठीक होऊन, असा माझा हिशेब. चार दिवसांनी उचलून पुन्हा पेटीत ठेवले, झाकणातला कापूस भिजवला आणि गप्प बसले.

पाडवा आला. यांनी सिगार पेटवला. मी दगडावर बसून वाट बघत होते. एक झुरका, दोन, तीन. यांनी सिगार बोटांत फिरवून बघितला, पुन्हा ओढला.

"काय?" मी विचारलं.

"काय न्हाई. नुसता गरम धूर हाय."

ते ऐकलं आणि मी घाबरले. सिगारामुळं नाही. माझ्या थोरल्या दिरांचं असंच सुरू झालं होतं. शेजारीच त्यांचं घर. एकदा ते चुलीपाशी बसलेले असताना दूध करपून घरभर धूर झाला आणि त्यांना पत्ताच नव्हता. आम्ही सगळे हसलो होतो. नंतर वर्षभरानं त्यांचा हात कापायला लागला, मग पाऊल उचलेना, मग चेहरा लाकडासारखा झाला. शेवटी तर जाऊबाईंना त्यांनी विचारलं, "बाई, तुमी कुनाच्या?" पुण्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला होता, वास यायचा कधी बंद झाला? तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत सर्दीलासुद्धा आम्ही घाबरतो. आणि हे तर त्यांचे सख्खे भाऊ, तोंडावळाही तोच.

म्हणून मी घाईघाईनं चाळीचं सगळं सांगून टाकलं. पांढरी भुकटी, कप्पा, वारा, सगळं. ऐकता ऐकता यांचा चेहरा असा खुलला की मी बघतच राहिले.

"मंग आसं सांग की! वाळवून मारलंस त्यांना. कांदे हायेत व्हय ते?"

मनसोक्त बोलले मला. जाऊबाईंना बोलावून सांगितलं, पुण्याच्या लेकीला फोन लावून सांगितलं, तुझ्या आईनं सिगारांची वखार घातली म्हणून. इतक्या आनंदानं मी जन्मात कधी बोलणी खाल्ली नव्हती. माझ्या अडाणीपणानं सिगार मेले असतील तर मी वेडी ठरायला एका पायावर तयार होते.

पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. मी यांच्यावर पाळत ठेवायला लागले. रविवारची आमटी हेच करतात. आधी मीठ चिमटीनं टाकायचे, आता चमच्यानं मोजून टाकतात, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. चाळीत एखादा कांदा सडला की हे रस्त्यावरूनच ओरडायचे, डावीकडचा कप्पा बघा. यंदा तळाशी सडक्या कांद्याचं पाणी ठिबकायला लागलं तेव्हा आम्हाला कळलं, आणि हे रोज तिथूनच जात होते. मला वाटायचं, वय झालंय. मग वाटायचं, वय तर माझंही झालंय, मला तर येतो वास. स्वतःलाच समजावायचं आणि स्वतःच मोडून काढायचं, असा माझा धंदा सुरू झाला. जेवताना यांच्या हाताकडं बघत बसायचे. कापतोय का? एकदा हे चिडून म्हणाले, "माझा हात काय बघतीस, पोळी वाढ."

शेवटी मला एकच मार्ग सुचला. उरलेला कांदा घेऊन हे टेम्पोबरोबर मंचरला गेले. दुपारी मी पेटीतला एक सिगार काढला आणि रिकाम्या चाळीत जाऊन बसले. कांद्याची पात कापायच्या कात्रीनं टोक उडवलं. यांच्यासारखी लांबून काडी दाखवायला जमेना, म्हणून चूल पेटवते तसा पेटवला.

पेटवण्याआधी मी हात जोडले, हे लिहायला लाज वाटते. देवा, याला चव नसू दे. वर्षानुवर्षं मुरवलेल्या वस्तूचं वाटोळं झालेलं असू दे.

पहिला झुरका तोंडात धरला. नुसतं गरम. दुसरा घेतला, तोही गरम, थोडा कडवट. माझा जीव भांड्यात पडला. नुसता धूर आहे, मी मोठ्यानं म्हणाले. मीच मारले, मीच वाळवले.

तिसऱ्याला जिभेच्या शेंड्याला काहीतरी टोचलं. मिश्रीनं मला एवढं शिकवलंय की तंबाखू तोंडात धरून थांबायचं. मी थांबले. ती मिरी होती. यांनी सांगितली होती तशीच, मऊ झालेली. तिच्या मागून गूळ आला, कढईला लागून भाजलेला, आणि टाळूपाशी नव्या चपलेचा वास. तोंड भरलं. इतकी सुंदर चव मी कुठल्याच तंबाखूत चाखली नव्हती. सिगार ठणठणीत होता. मी डोळे पुसत पुन्हा ओढला, चूक झाली असेल म्हणून, तर कडू बदामही आले.

"काय गं, काय जाळतीयास?" जाऊबाई बांधापलीकडून ओरडल्या. "पार घरात वास आलाय माझ्या."

त्या आल्या. माझ्या हातातला सिगार बघितला, माझं तोंड बघितलं. मी सांगितलं, याला चव आहे. त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. त्या शेजारी टेकल्या आणि पदरानं स्वतःचाच हात पुसत राहिल्या.

"आमी लई उशीर केला व्हता," एवढंच म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

मी सिगार पाण्याच्या बादलीत विझवला. धूर विरला तरी वास हलेना. तो बांबूत शिरला होता, माझ्या केसांत, लुगड्यात. मी कपडे बदलले नाहीत. मुद्दाम बसून राहिले. हे फाटकातून शिरतील आणि ओरडतील, माझा सिगार ओढलास व्हय गं सटवे, याची वाट बघत राहिले. त्या क्षणी मला जगात दुसरं काहीही नको होतं.

टेम्पोचा आवाज आला. हे चप्पल काढून चाळीत आले आणि माझ्या अगदी शेजारी रिकाम्या क्रेटवर बसले. टॉवेलनं मान पुसली. दीर्घ श्वास घेतला, मी तो ऐकला.

"मंचरात लई खोळंबा झाला," म्हणाले. "च्या ठेवतीस का?"

मी जागची उठले नाही.  मग मी म्हणाले, "उद्या पुण्याला जायचंय. दवाखान्यात."

कुणाला काय झालंय, असं त्यांनी विचारलं नाही. टॉवेलची घडी केली, पुन्हा उलगडली.

"दादाचे डॉक्टर," ते म्हणाले, "अजून तिथंच बसत्यात का?"