न दिलेली दोन मते

रसायनशास्त्र घेऊन मी पदवी मिळवली, त्याच्या पुढच्याच चैत्रात आमच्या तालुक्याच्या लोकल बोर्डाची निवडणूक आली. तिच्यात मत द्यायचे नाही, हे मी मतदानाच्या तीन आठवडे आधीच ठरवून टाकले होते. मत मला होते. माझ्या निपुत्रिक आत्याने पोलादपूरजवळचा भाताचा एक तुकडा माझ्या नावे केला होता, आणि त्या तुकड्यापायी माझे नाव मतदारांच्या यादीत गेले होते. बायकांची नावे त्या यादीत थोडीच होती, आणि शिकलेल्या बाईचे बहुधा माझे एकटीचेच. त्यामुळे आपले मत हे इतरांच्या मतापेक्षा अधिक विचाराने वापरले गेले पाहिजे, असे मला वाटत असे.

उमेदवार दोन होते. एक जंगलाचा ठेकेदार. डोंगरातल्या कोळशाच्या भट्ट्या त्याच्या. दारू पिई, मजुरांना शिव्या देई, आणि भाषणात स्वतःच्या नावामागे ‘गरिबांचा वाली’ असे स्वतःच लावी. दुसरा महाडचा वकील. त्याचे बोलणे स्वच्छ, कपडे स्वच्छ. परंतु चवदार तळ्यावर जे घडले त्यानंतर, शाळांचे पाणी सर्व मुलांना मोकळे असावे की नाही, असा सरळ प्रश्न त्याला सभेत कोणी विचारला, तेव्हा तो हसून म्हणाला होता, “वेळ आली की पाहू.” पाच वर्षे बोर्डावर बसून त्याने ती वेळ येऊ दिली नव्हती.

“मग मत कुणाला?” वडिलांनी वर्तमानपत्राची घडी करत विचारले. ते महाडच्या शाळेत शिक्षक होते, आणि प्रश्न विचारण्याची त्यांची पद्धत घरीही वर्गातलीच असे.

“कुणालाच नाही.”

“त्या नावाचा उमेदवार उभा आहे का?”

“थट्टा नको. दोघेही नालायक आहेत. दोन अशुद्ध नमुने समोर ठेवायचे आणि त्यातल्या एकाला मी प्रमाणपत्र द्यायचे? प्रयोगशाळेत असे केले तर मला हाकलून देतील.”

“प्रयोगशाळेत अशुद्ध द्रावण ओतून द्यायला मोरी असते, बाळ. इथे कुठे ओतशील? दोघांतला एक बसणारच आहे.”

“बसू दे. माझ्या संमतीने नको.”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “संमती नाही तर त्या मतदानाच्या कामाला कशाला निघालीस मग?”

त्याला कारण होते. दक्षिणेतल्या एका संशोधनसंस्थेत मला प्रवेश हवा होता. अर्जासोबत सरकारी अधिकाऱ्याचे शिफारसपत्र असले तर उत्तम, असे प्राध्यापकांनी सुचवले होते. पोलादपूरच्या केंद्रावर बायकांच्या खोलीत बसायला शिकलेली बाई हवी होती. मामलेदारांनी वडिलांना विचारले, आणि मी वडिलांच्या आधी ‘हो’ म्हणाले. काम अचूक करायचे, पत्र घ्यायचे आणि पुढे जायचे, एवढाच माझा बेत होता.

मतदानाच्या दिवशी सर्व्हिस मोटारीने सकाळी मी पोलादपूरला उतरले. शाळेची इमारत लहानशी. पुढच्या वर्गात पुरुष, मागच्या वर्गात बायका. मधल्या दारात एक वयस्कर अव्वल कारकून, तो केंद्राचा प्रमुख. माझ्यासमोर यादी, पलीकडे पडदा, पडद्यामागे दोन पेट्या. वाचता न येणाऱ्यांसाठी पेट्यांना रंग दिले होते; ठेकेदाराची लाल, वकिलाची पिवळी. बाईने स्वतःचे पूर्ण नाव सांगायचे, मी ते यादीशी ताडून पाहायचे, खूण करायची आणि कागद हाती द्यायचा. इतके सोपे काम मी आयुष्यात केले नव्हते, असे मला पहिली बाई येईपर्यंत वाटत होते.

पूर्ण नाव म्हणजे नवऱ्याच्या नावासकट. आणि नवऱ्याचे नाव कोणतीही बाई उच्चारत नव्हती.

“पुढे?” मी विचारले.

“पुढं काय गो बाय, घरधनी.”

“त्यांचे नाव?”

“भादव्यात घरोघर आणतात नाय, त्याचं!” तिने पदर तोंडाला लावला आणि रांगेतल्या बायका खिदळल्या.

“असे चालणार नाही. नाव स्पष्ट सांगा.”

“मेली, तिला लाज वाटते गो,” मागून एक म्हणाली. “अर्धा जन्म त्याच्याशी भांडली, नि आता नाव घ्यायला लाजते!”

तेव्हा मला युक्ती सुचली. मी म्हटले, उखाण्यात घ्या. उखाण्यात नाव घ्यायला बंदी नाही, आणि नाव ऐकू आल्याशी माझे काम. खोलीत एकदम हळदीकुंकवाचा रंग चढला. जिला सुचे ती जुळवून घेई, जिला सुचत नसे तिला मागच्या बायका शब्द पुरवत. दाराशी येऊन कारकून हसून गेला. अकरा वाजेपर्यंत माझी यादी नीट, सुवाच्य खुणांनी भरत आली होती, आणि एका सामाजिक अडचणीवर आपण साधा, तर्कशुद्ध उपाय काढला याचा मला मनापासून अभिमान वाटत होता.

ती आली तेव्हा ऊन डोक्यावर होते. पन्नाशीच्या आतबाहेरची, पाय पोटऱ्यांपर्यंत धुळीने भरलेले. कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात चार घरांची वाडी आहे, तिथून पहाटे निघून चालत आली होती. यादीत तिची ओळ मला लगेच सापडली. नवरा मुंबईला गोदीत कामाला होता आणि तिथेच वारला. मुलगा लहान म्हणून जमीन तिच्या नावावर चढली, ती तशीच राहिली होती. हे तिने मला विचारल्याशिवायच सांगितले. बोलण्याची घाई होती तिला, पोचल्याचा आनंद असावा.

“लाल कुठली गो बाय? डावी का उजवी?”

“ते आत गेल्यावर दिसेल. आणि कुणाला देणार ते इथे बोलू नका.”

“बोलू नको कशाला? सगळ्या वाडीला ठाऊक हाय. त्या कोळसेवाल्याला देणार.”

“तो दारू पितो,” मागची एक बाई म्हणाली.

“पितो तर पितो. मी काय त्याला जावई करून घेते? कुत्रा सोडतो मेला, मजुरी मागायला गेलं की. पण व्हाळावर साकव घालतो म्हणालाय, निवडून आला तर मिरगाच्या आदी. त्याचा कोळसा व्हाळ ओलांडून जायाला वाट हवी ना! त्याचा कोळसा जाईल, तशी माझी सून पण जाईल. पाचव्यात हाय ती. श्रावणात बाळंत व्हायची, नि श्रावणात आमचा व्हाळ बैलाला पण उतरू देत नाय. तिला म्हायेर नाय, जाईल कुठं?”

तिचा युक्तिवाद मला तेव्हाही कळला होता. चांगला माणूस ती शोधतच नव्हती. आपल्या गरजेच्या वाटेने कोणाचा स्वार्थ जातो, तेवढे तिने पाहिले होते. मी मनात म्हटले, यालाच अज्ञान म्हणतात.

“नाव सांगा.”

तिने स्वतःचे सांगितले.

“पुढे?”

तिने माझ्या कागदाकडे पाहिले.

“उखाण्यात घे ना गो,” कोणीतरी सवयीने म्हणाले, आणि लगेच दुसरीने त्या बोलणारीला कोपराने ढोसले.

मला क्षणभर काही उमगले नाही. मग तिच्या कपाळाकडे माझे लक्ष गेले. उखाणा सवाष्णीचा असतो. माझ्या सकाळच्या युक्तीत विधवेला जागाच नव्हती.

“लग्नात एकदा घेतलं होतं,” ती हळू म्हणाली. “त्यानंतर नाय. आता कुठल्या तोंडानं घेऊ? तुझ्या कागदावर लिवलेलं हाय ना? तू वाच. मी मान हलवते.”

नाव खरोखरच माझ्या बोटाखाली होते. ते तिला माहीत होते, मला माहीत होते. परंतु मी वाचायचे आणि तिने मान हलवायची, तर उद्या कोणीही येऊन मान हलवील, असा माझा विचार झाला, आणि तो चुकीचा नव्हता. मी मधल्या दारात जाऊन कारकुनाला विचारले.

“अहो बाई, तलाठी बाहेर बसलाय,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “त्याने ओळखले की पुरे. नियमातच आहे.”

“तलाठी ठेकेदाराच्या पंगतीला असतो. त्याच्या सांगण्यावर मी मतदार आत सोडू?”

“कालपरवापर्यंत तो वकिलाच्या पंगतीलाही होता. तुम्ही ठरवा. बायकांची खोली तुमची.”

मी ठरवले. तलाठ्याची साक्ष निर्दोष नव्हती, म्हणून ती घेतली नाही. परत येऊन मी तिला सांगितले की नाव सांगितल्याशिवाय कागद मिळणार नाही. ती बाहेर जाऊन शाळेच्या पडवीत बसली. अधूनमधून तिचे ओठ हलताना मला खिडकीतून दिसत होते. दोनदा ती उठून दारापर्यंत आली. दुसऱ्या खेपेला तिने तोंड उघडले, पहिले अक्षरही आले असावे; मग तिने पदराने तोंड दाबले आणि वळली.

पाचाला मतदान संपणार, त्याला थोडा अवकाश होता. खोली रिकामी झाली होती. ती तिसऱ्यांदा आली.

“तुझं मत हाय ना गो बाय? त्या बायका म्हणत होत्या.”

“आहे.”

“दिलंस?”

“नाही.”

“मग तू दे. माझ्याऐवजी. लालमध्ये टाक.”

“मी कुणालाच देणार नाही. दोघेही लायक नाहीत.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नव्हे, एखाद्याने भरले ताट पुढ्यात घेऊन जेवायला नकार द्यावा आणि आपण उपाशी उभे राहून ते पाहावे, तसे. मग म्हणाली, “आम्हाला लायक कोण देणार गो?” आणि निघून गेली. अंधाराच्या आत तिला डोंगर गाठायचा होता. घंटा झाली. कारकुनाने पेट्यांना लाख लावली. मी माझ्या यादीखाली सही केली.

वकील निवडून आला. ठेकेदाराने त्या बाजूच्या भट्ट्या मोडून पलीकडच्या खोऱ्यात नेल्या. मामलेदारांचे पत्र मला मिळाले. त्यात माझ्या काटेकोरपणाचा खास उल्लेख होता.

अर्जाची कागदपत्रे लावताना, भाद्रपदात, त्या दिवशीची माझी टिपणवही हाती आली. मत न देता परत गेलेल्या बायकांपुढे मी लहान फुली केली होती. फुल्या सात होत्या. कोष्टक पाहून त्यातली संगती शोधणे हेच माझे शिक्षण. पण मी ती पाच महिने शोधली नव्हती. सातही ओळींत नवऱ्याच्या नावाआधी ‘कै.’ होते; सातही विधवा होत्या. रांगेत कोणी भांडले नाही, कोणी तक्रार केली नाही. एकेक आली आणि गेली, आणि मला फक्त ती एकच लक्षात राहिली, कारण ती बोलली होती.

त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत मी मत दिले आहे, आणि एकदाही ते चांगल्या माणसाला दिल्याचे समाधान मला मिळालेले नाही. मत म्हणजे प्रमाणपत्र, असे मी समजत होते. कोण किती खोटा आहे, आणि त्याच्या खोटेपणातून कोणाला थोडी वाट मिळते, एवढेच बहुतेक वेळा ठरवायचे असते. हे सांगायला बरे वाटत नाही. कोणाला यातून उत्साह येईल असेही वाटत नाही.

त्याच वर्षीच्या आश्विनात मी कापड्याला गेले आणि विचारत वाडी गाठली. ओढ्याला गुडघाभर पाणी होते. ती अंगणापुढचे खळे सारवत होती. तिने मला ओळखले, बस म्हणाली, हात थांबवला नाही. मागच्या दारी एक तरुण बाई भांडी घाशीत होती. घरात पाळणा नव्हता.

“मुलगा होता,” ती म्हणाली. “व्हाळाच्या काठाला दोन रोज बसलो, इरल्याखाली. तिसऱ्या रोजी पाणी उतरलं. सून वाचली.”

मला काहीतरी बोलणे भाग होते, आणि मला जे येत होते तेच मी बोलले. “आपल्या दोघींची मते पडली असती तरी तो कोळसेवाला निवडून आला नसता. फरक पुष्कळ होता.”

“तू काढलास हिशेब?”

“हो.”

“मी नाय काढला. निघताना सुनेला सांगितलं होतं, जाते नि टाकून येते. नि टाकलं नाय. मला तेवढंच सलतं.”

तिने शेणाचा आणखी एक गोळा घेतला आणि पसरत विचारले, “पुढल्या खेपेला पण नाव घ्यायला लावतील काय?”

“नाही. तलाठ्याने ओळखले की पुरते. तसा नियम आहे.”

“नवा काढला?”

हो म्हटले असते तर तिला ते खरे वाटले असते.

“नाही,” मी म्हणाले. “तेव्हाही होता.”

तिचा हात थांबला. तिने मान वर केली नाही. मागच्या दारी भांड्यांचा आवाजही थांबला होता. सुनेने ऐकले असावे. मग ती पुन्हा सारवू लागली. मी बसले होते तिथपर्यंत तिचा हात आला, तेव्हा ती म्हणाली, “ऊठ. एवढी जागा राहिली हाय.”

मी उठून बाजूला झाले.