आठ नंबरची चाळीस वर्षे

१२ फेब्रुवारी १९८६ रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कागद कारखान्याची जीप आमच्या लाकूड-डेपोच्या फाटकाशी थांबली आणि तीतून एक इटालियन मेकॅनिक उतरला. त्या क्षणापर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे मिळून युरोपातील बास्केटबॉलवर अधिकारवाणीने बोलणारा एकच माणूस होता. तो म्हणजे आमच्या डेपोचे, लठ्ठे मोजून नोंदणारे मोजणीदार. त्यांनी बास्केटबॉलचा सामना कधी पाहिला नव्हता. चेंडूही पाहिला नव्हता. त्यामुळे त्यांच्या अधिकाराला कोठे बाध आल्याचे मला आढळले नाही.

सात वर्षांपूर्वी असाच एक मेकॅनिक यंत्र बसवण्यासाठी आला होता. तो हिवाळाभर आमच्या विश्रामगृहात राहिला आणि जाताना एक जाड सचित्र पुस्तक विसरला. त्याच्या गावच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा तो इतिहास होता, अर्थात इटालियन भाषेत. डेपोचा अधिकारी म्हणून पुस्तक परत करण्याचे काम मी मोजणीदारांकडे सोपवले. पत्ता कोणापाशीच नव्हता, म्हणून ते त्यांच्याकडे राहिले. मोजणीदारांना इटालियन येत नव्हते. पण सन, सामन्यांचे गुण आणि खेळाडूंच्या छातीवरचे नंबर वाचता येत होते. हयातभर आकडेच वाचलेल्या माणसाला तेवढे पुरेसे वाटले. आकडे आणि छायाचित्रे यांच्या आधारावर त्यांनी त्या संघाचा इतिहास मराठीत लिहिला. अकरा वह्या झाल्या. त्या या मेकॅनिकच्या हाती संघाकडे धाडायच्या, आणि त्याआधी ‘सगळे बरोबर आहे’ एवढे त्याच्या तोंडून ऐकायचे, ही त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्या सकाळी त्यांनी बुद्धजयंतीचा पांढरा सदरा घातला होता.

या इतिहासाने त्यांच्या घरात आणि गावात जे काही केले त्याचा मी साक्षीदार आहे. पुस्तकातील एका पानाला काळी चौकट होती आणि तीत ६१–६२ असा आकडा होता. संघ अंतिम सामना एका गुणाने हरला, हे त्यांनी ताडले. पानावरची तारीख दरवर्षी आली की ते दिवसभर जेवत नसत. त्यांच्या पत्नी आमच्या ओसरीवर येऊन सांगत, “साहेब, समजवा न जी यायले. हारले ते इटलीवाले, आन माह्या घरी भात उरून राह्यला!” मी समजावले. मोजणीदार म्हणाले, “एका गुनानं साहेब. दहानं हारले असते त जेवलो असतो.” छायाचित्रांत दर पाच-सहा वर्षांनी खेळाडूंच्या छातीवरचा मजकूर बदलत असे. हा संघ वरचेवर नव्या घरी नांदायला जातो, असा अर्थ त्यांनी लावला, आणि प्रत्येक नव्या घराची परिस्थिती खेळाडूंच्या बुटांवरून ठरवली. एका हिवाळ्यात ते वडशाला गेले आणि एका नाटक मंडळीच्या मालकाला म्हणाले, याचे तीन अंकी करा. मालकाने विचारले, “बाई कुठी हाये याच्यात?” बाई नाही म्हटल्यावर तो म्हणाला, “बाई नाई, गाना नाई, खून नाई. लोकं का तुमचं तोंड पाहाले येतीन?” मोजणीदार म्हणाले, “लढाई हाये.” मालकाचे तेवढ्यावर भागणार नव्हते. मोजणीदारांनी त्यानंतर दोन हंगाम झाडीपट्टीचे एकही नाटक पाहिले नाही. मंडळ्या त्यांच्याविना चालल्या.

लढाईचे मात्र खरे होते. महायुद्धाच्या वर्षांत पुस्तकात संघाचे छायाचित्र नाही. ही वर्षे सांगताना त्यांचा आवाज उतरत असे. नंतरच्या पहिल्या छायाचित्रात नव्या माणसांमध्ये आठ नंबर पुन्हा उभा दिसला, की आवाज चढे. आठ नंबर हा त्यांच्या इतिहासाचा नायक. युद्धापूर्वी तो पोरसवदा, चर्चशेजारच्या मातीच्या मैदानावर खेळणारा. युद्धातून परतल्यावर अधिक रुंद. पुढे मिशा, पुढे मिशा नाहीत, मधल्या काळात चार बोटे उंचीही वाढलेली. असा तो चाळीस वर्षे अखंड खेळला. चहाच्या टपरीवर कोणी शंका काढली, तर मोजणीदार त्याला डेपोत आणून सागाची थप्पी दाखवत. लठ्ठा तोडताना पिवळा असतो, वर्षात काळा पडतो, साल जाते, टोके चिरतात. ओळखायचा तो त्यावर घणाने ठोकलेल्या नंबराने. एक नंबर एकदाच पडतो, दुसऱ्या लाकडावर तो कधीही पडत नाही. “सुरत पाहू नोको, नंबर पाय,” असे ते बजावत. हे वाक्य मूळचे माझे आहे. ते नोकरीला लागले त्या दिवशी मीच त्यांना ते सांगितले होते.

मेकॅनिक त्याच गावचा निघाला. पुस्तक पाहून तो हरखला. मोडक्या इंग्रजीत तो सांगू लागला, मी मराठी करू लागलो. एका गुणाचा पराभव बरोबर निघाला; त्याच्या बापानेही त्या दिवशी जेवण टाकले होते. छातीवरचा मजकूर म्हणजे संघाला पोसणाऱ्या कंपन्यांची नावे. कंपनी बदलली की संघाचे नावही बदले.

“मंग नांदाले गेल्यासारखंच झालं न,” मोजणीदार म्हणाले. मेकॅनिकने ते मान्य केले.

मग त्यांनी आठ नंबरवर बोट ठेवले आणि विचारले, आता कुठे असतो?

मेकॅनिकने विचारले, कोणता? आठ नंबरचा सदरा आजवर सहा जणांनी घातला आहे. माणूस गेला की सदरा पुढच्याला. युद्धापूर्वीचा हा पहिला. हा परत आला नाही. रशियाच्या बर्फात राहिला.

भाषांतरात काही गाळण्याची मला सवय नाही. त्या वेळी ती असती तर बरे झाले असते. मी सगळे सांगितले.

मोजणीदारांनी बोट उचलले नाही. ते म्हणाले, “वय इचारा साहेब.”

“बावीस.”

“आन मी त्याले साठीच्या घरात नेलं. गुडघे दुखते म्हून लिवलं त्याचे.”

वह्या बाकावर गाठोड्यात होत्या. मी म्हणालो, “भाऊ, तिकडे मराठी कोणाला येते? आहे तसे पाठवा.” इतक्या वर्षांत मी त्यांना भाऊ म्हटल्याची ही पहिलीच वेळ.

“तुमी तं असं नोका म्हनू साहेब,” ते म्हणाले. “कोनी वाचो का नाई वाचो. पाच मानसं खेळले, घामेजले, आन त्याइचा सारा खेळ मी एका मेलेल्या पोराच्या नावावर घातला. त्याचं मरनंबी लिवलं नाई. साहाईवर अन्याव झाला.”

मग त्यांनी सहाही नावे विचारली. मेकॅनिक पुस्तकातून एकेक वाचून दाखवी. मोजणीदार ते नाव तीनदा म्हणवून घेत, स्वतः एकदा म्हणत आणि तळहातावर शाईने लिहीत. पहिल्याचे त्यांनी चारदा म्हणवून घेतले. सहावे नाव मनगटावर गेले. मेकॅनिकची जीप साडेअकराला निघाली. वह्या तिच्यात गेल्या नाहीत. निघताना त्याने माझ्या रोजनिशीत आपला पत्ता लिहिला आणि मोजणीदारांचा शाईचा हात टाळून खांद्यावर हात ठेवला.

दुपारी त्यांच्या पत्नी डबा घेऊन आल्या. तळहात पाहून म्हणाल्या, “जेवान कोन्या हातानं?” मोजणीदारांनी डावा हात पुढे केला. पत्नीने कपाळावर हात मारला, पण डबा उघडून दिला, आणि काय झाले ते कळल्यावर समोर बसून विचारले, “त्याची माय होती का हो तवा?” ते पुस्तकात नव्हते. मोजणीदार जेवले, घास मात्र मोजून घेतल्यासारखे.

माझ्या निवृत्तीनंतर वह्या नव्याने लिहिण्याचे त्यांचे काम कोठवर आले ते मला नीट ठाऊक नाही. पहिल्या आठ नंबरचे प्रकरण झाल्याचे एका पोस्टकार्डाने कळले; प्रकरण साडेतीन पानांचे होते, कारण बावीस वर्षांत तेवढेच मावले. मी उत्तर लिहिले. परत पत्र आले ते मोजणीदार गेल्याचे, त्यांच्या पत्नीच्या वतीने दुसऱ्या कोणी लिहिलेले.

मेकॅनिक येऊन गेला त्या दिवशी डेपो बंद होण्याआधी मी माझ्या कपाटातून कोऱ्या कागदांचा एक दस्ता काढला, प्रत्येक पानाला डावीकडे दोन बोटांचा समास आखला आणि तो त्यांच्या टेबलावर ठेवून वारा लागू नये म्हणून खिडकी लावली.