साखळीच्या वळणाआधी

घळीच्या तोंडाशी भाड्याने बूट देणारे एक दुकान होते. दुकानदाराला सगळे बुटवालेच म्हणत. लोक घळ बघायला येत आणि बुटवाले त्यांचे पाय बघत. गिऱ्हाईक पायरी चढते न चढते तोच त्यांचा हात अचूक मापाच्या जोडाकडे जाई. बावीस वर्षे झाली, पण ते स्वतः पहिल्या वळणापलीकडे कधी गेले नव्हते. "दिव्याखाली अंधार," बायको म्हणे.

त्या सकाळी बारा जणांचा गट आत गेला. बुटवाल्यांनी शिवायला ठेवलेला जोड खाली काढला, तळ ओढून पाहिला. तळ घट्ट होता. म्हणजे जोडांची अदलाबदल झाली होती. सैल तळाचा जोड त्यांनी एका निवृत्त परिचारिकेला घालून दिला होता, वर नाडीला दुहेरी गाठही मारली होती. दोन तासांवर साखळीचे वळण होते. हातभर रुंदीची ओली वाट, खाली खोल डोह आणि आधाराला भिंतीत ठोकलेली साखळी. तळ तिथे सुटला, तर बाई थेट डोहात. आत फोन लागत नसे.

"कुणाला तरी पाठवा," बायको म्हणाली.

"चूक माझी, आणि पाय दुसऱ्याचे?"

"मग निदान चपला तरी बदला, अहो."

तोवर ते चांगला जोड गळ्यात अडकवून निघालेही होते.

दोन्ही भिंती जवळ येत गेल्या. वर आभाळाची चिंचोळी पट्टी तेवढी उरली. तांबड्या दगडावरून पाणी झिरपत होते, फटीफटींतून नेचे लोंबत होते. बुटवाल्यांचे लक्ष मात्र खाली, ओल्या वाळूवर. प्रत्येक ठसा त्यांच्या ओळखीचा, कारण प्रत्येक तळ त्यांनीच ठोकलेला. बाईंच्या उजव्या ठशापुढे एक बारीक ओरखडा होता. पुढच्या वळणावर तो बोटभर झाला, त्यापुढच्या वळणावर वीतभर. मग खडक लागला आणि ठसे संपले. बुटवाले पळू लागले. गट फोटोंसाठी थांबत जाणार, एवढाच काय तो भरवसा.

साखळीपाशी ते पोचले तेव्हा बाकीचे पलीकडे गेले होते. बाईंचा हात साखळीवर होता.

"बाई, थांबा. पाय उचलू नका."

"तुम्ही? दुकान सोडून?"

"जोड चुकीचा दिला मी. तळ सुटलाय."

बाईंनी वाकून पाहिले. उजव्या बुटाने आ वासला होता. "अगंबाई. आणि मी सकाळपासून वयाला बोल लावतेय. वाटलं, पायच उचलत नाही आता."

"पायांना काही झालेलं नाही. दोष माझा."

"दोष राहू द्या. आधी बसा, धाप लागलीय तुम्हाला."

ते बसले, पण बाईंना बसवून त्यांच्या पायात चांगला जोड चढवायलाच. नाड्या आवळल्या, तळ दोनदा ओढून पाहिला. बाई उठल्या आणि एकेक पाऊल टाकत पलीकडे गेल्या. शेवटचे पाऊल पडेपर्यंत बुटवाल्यांची नजर तळांवर होती.

"आता परत कुठे जाता?" त्या पलीकडून म्हणाल्या. "घळीचं पुढचं तोंड जवळ आहे. या."

बुटवाल्यांनी चपला काढून कमरेला खोचल्या. पायाखालचा दगड गार होता, वाटला होता त्याहून खरखरीत.

"दोन्ही हातांनी धरा. खाली बघू नका," बाई म्हणाल्या, आणि ते ओलांडून येईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.