एक्केचाळीस सेंटिमीटर

मुरलीधर टिपणीस यांना वाकडं काही खपत नसे. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या घरी पाहुणा आला, की ते आधी भिंतीवरची गणपतीची तसबीर बोटाने सरळ करायचे आणि मग पाहुण्याला ‘बसा’ म्हणायचे. पोळी जरा लांबट लाटली गेली, की त्यांच्या पत्नी, प्रमिलाताई म्हणायच्या, "टाकते बाई तव्यावर पटकन, नाहीतर हे येतील पट्टी घेऊन."

हसायला ठीक आहे, पण याच खोडीवर या माणसाने दुबईत एकतीस वर्षं मान मिळवला. टिपणीस ड्राफ्ट्समन. पुण्यात आयटीआय करून आले तेव्हा बर दुबईत, मीना बाजारच्या मागे, एका खोलीत सहा जण राहायचे आणि ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने नकाशे काढायचे. पुढे कॉम्प्युटर आला, तोही त्यांनी शिकून घेतला. व्हिला, गोदामं, शाळा, एका बड्या घराण्याच्या महालाच्या चौऱ्याहत्तर कमानी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटा तक्ता असतो. नकाशा बदलला, की त्यात तारीख आणि बदलाचं कारण लिहायचं. ‘क्लायंटची सूचना’, ‘साइटप्रमाणे’, अशी कारणं. ‘ड्राफ्ट्समनची चूक’ हे कारण टिपणिसांच्या एकाही नकाशावर नव्हतं. ते स्वतः कधी हे बोलून दाखवत नसत. पण ऑफिसात सगळ्यांना ते माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत आहे हे टिपणिसांना पक्कं माहीत होतं.

रिटायर व्हायला वर्षाहून थोडं जास्त उरलं असताना कंपनीकडे एका जुन्या मशिदीच्या दुरुस्तीचं काम आलं. रास अल खैमाच्या पुढे, डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यातली एक वस्ती. मशीद अगदी लहान. घुमट नाही, मिनार नाही. समुद्रातून काढलेल्या दगडांच्या, मातीने लिंपलेल्या भिंती आणि वर खजुराच्या खोडांचं छप्पर. महालाच्या कमानी काढलेल्या टिपणिसांना ती पहिल्या दिवशी गोठ्यासारखी वाटली. हे त्यांनीच नंतर मान्य केलं, म्हणून मी लिहायला धजतो.

मशिदीची किल्ली हम्मादकडे असायची. सत्तरी ओलांडलेला, सडपातळ. आधी त्याचे वडील तिथे अजान द्यायचे, आता तो देत होता. तरुणपणी बोटीवर मुंबईच्या खेपा केलेल्या, त्यामुळे हिंदी बोलायचा. दुपारचा नमाज झाला, की तो टिपणिसांना आत घ्यायचा. चपला बाहेर काढून टिपणिसांनी चार दिवस टेप धरून मशीद मोजली.

पहिल्याच दिवशी त्यांचं लक्ष चटयांकडे गेलं. पश्चिमेची भिंत ती समोरची, मक्केच्या बाजूची. तिच्यापाशी नमाजाच्या चटया चक्क तिरक्या अंथरलेल्या. एका टोकाला चटई भिंतीला टेकलेली, दुसऱ्या टोकाला जवळजवळ दोन वीत लांब. टिपणिसांचे हात शिवशिवायला लागले. त्यांनी वाकून पहिली चटई भिंतीला समांतर केली. हम्माद दारातून आला, काही न बोलता खाली बसला आणि ती पुन्हा होती तशी केली. म्हातारा हट्टी आहे, असं मनात म्हणून टिपणीस कामाला लागले.

मोजल्यावर कळलं, की चटया सरळच आहेत, भिंत वाकडी आहे. बाकीच्या तीन भिंती काटकोनात. ही एकच, अकरा मीटरांत एक्केचाळीस सेंटिमीटर तिरकी गेलेली. दोन अंशांचा फरक, चटया नसत्या तर डोळ्याला दिसलाही नसता. टिपणिसांनी कर्ण मोजून तो आकडा वहीत लिहिला. माप घेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

आणि मग ऑफिसात येऊन, कॉम्प्युटरवर, त्यांनी ती भिंत सरळ केली.

लबाडी म्हणून नाही हो. एकतीस वर्षांची सवय. कुठल्या तरी गवंड्याची हयगय आपण झाकून घेतली, त्याची अब्रू राखली, असंच त्यांना वाटलं. चारी कोपरे नव्वद अंशांचे झाले, नकाशा देखणा दिसायला लागला. साहेबांनी पाठ थोपटली.

वर्षभराने, रिटायर व्हायला काही आठवडे उरलेले असताना, ते शेवटचं म्हणून साइटवर गेले. गुरुवार होता. तिथे सुरैय्या भेटली. ही मूळची खुलताबादची, पुरातत्त्वाचं शिकलेली, तीन महिन्यांपूर्वी या कामावर रुजू झालेली. मराठी माणूस दिसल्यावर तिला केवढा आनंद. "मुरलीकाका" म्हणत तिने त्यांना मशिदीबाहेर खणलेला चर दाखवला. चराच्या तळाशी, मशिदीच्या भिंतीकडे जाणारी दगडांची एक ओळ होती.

"हा जुन्या घराचा पाया आहे, काका. चांगलं मोठं घर, मधे अंगण आणि भोवती खोल्या. आपल्याला मशीद म्हटलं की घुमट-मिनार आठवतात, पण ते सगळं नंतरचं. मदिनेतली पैगंबरांची मशीद म्हणजे त्यांच्या घराचं अंगण. खजुराच्या खोडांचे खांब, वर झावळ्या, बस्स. पुढे शहरं वसली, तेव्हा कूफ्यासारख्या ठिकाणी सुभेदाराचा महाल मशिदीच्या समोरच्या भिंतीलाच चिकटून बांधला. लोक भांडतात, महालावरून मशीद आली की मशिदीवरून महाल. मला विचाराल, तर दोन्ही एकाच अंगणातून निघाले. घरातून."

"मग ही मशीदही?" टिपणिसांनी विचारलं.

"तेच तर प्रूव्ह करायचं होतं! समोरची भिंत या घराच्या पायावर उभी असती, तर एका घराची मशीद कशी झाली ते डोळ्यांनी दाखवता आलं असतं. पण तुमचं ड्रॉइंग, त्यावर पुन्हा टेप कोण धरतंय, या पायाच्या ओळीवर ठेवून पाहिलं, मॅच होत नाही. एका टोकाला बसतं, दुसऱ्या टोकाला चाळीसेक सेंटिमीटर बाहेर. म्हणजे भिंत नंतरची, घराशी संबंध नाही. क्रॅक्स तर आहेतच. शनिवारी उतरवतायत, नवीन बांधणार."

टिपणिसांना वहीतला आकडा आठवला. बोलायची वेळ हीच होती. सुरैय्या समोर उभी होती, दोन शब्दांचं काम होतं. टिपणीस "हं" म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

घरी येऊन त्यांनी वही काढली. एक्केचाळीस. आकडा त्यांच्याच वळणदार अक्षरात होता. शुक्रवारी त्यांनी चारदा फोन हातात घेतला आणि चारदा खाली ठेवला. दुपारी जेवताना ताटातला वरणभात तसाच राहिला, तेव्हा प्रमिलाताईंनी विचारलं आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"एका महिन्याने निरोप समारंभ आहे, प्रमिला. सगळे येणार. आणि मी काय सांगू, की भिंत मी सरळ केली?"

प्रमिलाताईंनी ताट त्यांच्यापुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "चूक कागदावर झाली ना तुमची? मग कागदावर सुधारा. उद्या त्या चुकीची भिंत होईल."

"उद्या सकाळी स्वतः जाऊन सांगतो. फोनवर बरं नाही दिसत."

बरं दिसणं, न दिसणं! फोन केला असता तर पुढचं टळलं असतं. हे त्यांना तेव्हाही कळत होतं आणि म्हणूनच ते मला जास्त लागतं.

शनिवारी ते साडेसातला पोचले. उन्हामुळे मजूर सहालाच कामाला लागले होते. उत्तरेच्या टोकाची तीन मीटर भिंत उतरून झाली होती. टिपणीस धावत आत शिरले आणि कुदळीच्या पुढे जाऊन उभे राहिले. "रोको! खलास, बंद करो! ड्रॉइंग गलत है!" इतक्या मोठ्याने ते आयुष्यात कधी ओरडले नसतील.

सुरैय्या आली. त्यांनी वही तिच्या हातात दिली. तिने आकडा वाचला आणि जिथली भिंत उतरली होती तिथली माती हाताने बाजूला केली. खाली दगडांची ओळ होती. चरातून निघालेली, त्याच तिरकेपणाने बरोबर भिंतीखालून पुढे गेलेली. घराची भिंत होती ती. तिच्यावरच कोणीतरी मशीद उभी केली होती.

सुरैय्या तिथेच खाली बसली. "गुरुवारी मी तुम्हाला सांगत होते," ती हळू म्हणाली, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

तिने वही मिटून त्यांच्या हातात परत दिली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं टिपणीस म्हणतात.

हम्माद पडलेले दगड एकेक करून टोपलीत ठेवत होता. टिपणीस त्याच्याजवळ गेले. वाकून त्यांनीही एक दगड टोपलीत ठेवला.

"मेरा बाप बोलता था," हम्माद वर न बघता म्हणाला, "दीवार घर का है, सफ काबा का है. आदमी अपना घर दिया नमाज के वास्ते. दीवार घुमता नहीं, तो हम चटाई घुमाया." सफ म्हणजे नमाजाची ओळ.

"तुमने मुझे बोला क्यों नहीं, हम्मादभाई? उस दिन?"

"तुम तो नापने वाला आदमी," हम्माद म्हणाला. "मेरे को लगा, तुमको मालूम."

टिपणिसांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, आणि मजुरांपासून लपवलंही नाही.

उतरलेल्या तीन मीटरांचं माप आता जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, टिपणिसांच्या वहीत. गवंड्यांनी त्या पानावरून तेच दगड पुन्हा रचले. पहिल्या दिवशी मिस्त्रीने सवयीने दोरी काटकोनात ताणली, तेव्हा टिपणीस स्वतः वाकले, खुंटी उपटली आणि मोजून एक्केचाळीस सेंटिमीटरवर ठोकली. जुन्या आणि नव्या रचलेल्या भागामधला सांधा सुरैय्याने मुद्दाम दिसता ठेवला. टिपणिसांनी त्यावर हरकत घेतली नाही.

ऑफिसात त्यांनी नकाशा पुन्हा काढला, वाकड्या भिंतीसकट. कोपऱ्यातल्या तक्त्याशी आल्यावर साहेब मागे येऊन उभे राहिले. "टिपणीस, ‘ॲज पर साइट’ लिहा ना. कोण बघतंय?" टिपणिसांनी लिहिलं, ‘कारण: ड्राफ्ट्समनची चूक’. खाली पूर्ण नाव घातलं आणि साहेबांकडे सहीला दिलं. निरोप समारंभ ठरल्या दिवशी झाला. भाषणांत कोणी त्यांच्या अचूकपणाबद्दल बोललं नाही. बोलणाऱ्यांनी तेवढा शब्द जपून टाळला, आणि तो टाळलेला त्यांना ऐकू आला.

भारतात परतण्याच्या आदल्या आठवड्यात ते प्रमिलाताईंना घेऊन मशिदीवर गेले. दुरुस्ती पुरी झाली होती, अजून नमाज सुरू व्हायचा होता. हम्माद आत चटया अंथरत होता. त्याने टिपणिसांना दारात पाहिलं, हातातली शेवटची चटई पुढे केली आणि म्हणाला, "यल्ला, आओ मुरली. ये तुम डालो."

टिपणिसांनी चपला काढल्या. गुडघे टेकून त्यांनी चटई उलगडली, शेजारच्या चटईला काठ लावला, भिंतीशी तिरकी अंथरली, आणि बाजूला झाले.

हम्मादने खाली वाकून पाहिलं. या वेळी त्याने ती हलवली नाही.