गुडघ्याच्या एक्स-रेतले मासे

"टाकायचं काय नाय, सरकवायचं," असं म्हणत बाई कागदी चौकोनाच्या डाव्या बाजूनं एक वाकडातिकडा तुकडा कापायच्या, तो उजव्या बाजूला नेऊन चिकटवायच्या आणि एक डोळा मिटून कागद खिडकीशी धरायच्या. आमच्या शाळेत हल्ली सगळ्या मॅडम असतात. चित्रकलेच्या ह्या एकट्याच बाई उरल्या होत्या.

मूळच्या कन्नड तालुक्यातल्या. पटांगणातून पोराला हाक मारली की रस्त्यावरचा रिक्षावालाही ब्रेक दाबायचा. सरकवण्याचा नियम स्टाफरूममध्येही लागू होता. कुणाच्या डब्यात भाजी दिसली की ती नव्यानं रुजू झालेल्या एखाद्या उपाशी मास्तरापुढं जायची. पुष्कळदा तो डबा माझा असे आणि माझं जेवण अजून व्हायचं असे.

एका पावसाळ्यात मुख्याध्यापकांनी सांगितलं, की दिवाळीनंतर आठवीचा गुरुवारचा चित्रकलेचा तास शिष्यवृत्तीच्या सरावाला द्यायचा. पाचवीचा आधीच गेला होता. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. "पालकांचीच मागणी आहे, बाई," म्हणाले.

"मंग पालकांनाच विचारू की. पालक सभेपुरती जिन्याजवळची भिंत द्या मला."

बाहेर आल्यावर मात्र बाईंनी चहा घेतला नाही. "आठवड्यातून तेवढा एकच तास पोरांचे हात चालत्यात, सर. त्योबी गेला तर मी इथं येऊन करू काय?" त्यांचा तास जाऊन तो गणिताकडं, म्हणजे माझ्याकडंच येणार होता.

भिंतीवर मासे करायचे ठरले. एकाच नमुन्याचे, एकमेकांत बसणारे, मध्ये फट न ठेवणारे. गणितात याला टेसलेशन म्हणतात, असं मी सांगितलं. "आमी फरशी म्हणतो," बाई म्हणाल्या. फुटपाथवरचे ते नागमोडी ब्लॉक आपण सगळेच तुडवतो. तेच, फक्त माशांचे.

जाड कागद हवा म्हणून बाईंनी पोरांना घरच्या जुन्या लग्नपत्रिका आणायला सांगितल्या. मूळ नमुन्यावरून प्रत्येकानं पत्रिकेवर आपला नमुना कापायचा, मग त्यावरून रंगीत कागदाचे मासे. सभा दोन दिवसांवर आली तेव्हा मासे जमिनीवर मांडले आणि एकही दुसऱ्यात बसेना. कुणाचं शेपूट तोकडं, कुणाचं तोंड चेपलेलं. बाईंनी नमुने तपासायला घेतले. एकावर गणपती शाबूत, दुसऱ्यावर बुद्ध, तिसऱ्यावर चांदतारा. पोरांनी देवाला वळसा घालून कात्री फिरवली होती.

"देवावर कात्री कशी चालवायची, बाई?" एका मुलीनं विचारलं.

मला वाटलं आता बाई बरसणार. त्या भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "नका चालवू, बरोबर केलं," म्हणाल्या. पण हसू ओसरल्यावर खाली वाकून माशांमधल्या एकेका फटीत बोट घालून बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी पिशवीतून एक्स-रेचं भलंमोठं पाकीट निघालं. "ह्यात देव नाय, माझा गुडघा हाये. बिनधास्त कापा!"

"अहो बाई, मग डॉक्टरांना काय दाखवणार?" मी म्हणालो.

"गुडघा दाखवीन की. त्यो सोबतच असतो."

त्या काळ्या चकचकीत फिल्मचे चार नमुने निघाले. एकावर वाटीचं पांढुरकं हाड दिसत होतं. संध्याकाळपर्यंत सगळी आठवी कापत होती, आणि खरं सांगतो, मीही.

सभेच्या दिवशी पालक आधी जिन्याजवळच अडकले. "हमारी वाली कौनसी है?" एक रिक्षावाले विचारत होते. "ये हरे रंगवाली, अब्बा. उसके बाजू में सुजाता की." सुजाताची आईही तिथंच वाकून बघत होती. कुणाच्या माशाची कड कुठं संपते आणि शेजारच्याची कुठं सुरू होते, यावर बापमंडळींत वाद लागला. शेवटी सुजाताच्या आईनंच मुख्याध्यापकांना विचारलं, "हा तास कितीदा असतो, सर?"

"आठवड्यातून एकदा."

"एकदाच व्हय?"

सरांनी पुन्हा एकदा भिंतीकडं पाहिलं. बाई पदरानं चष्मा पुसत राहिल्या. दिवाळीनंतरच्या वेळापत्रकात गुरुवार जसाच्या तसा होता. मला माझ्या विषयाचा तास न मिळाल्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

यंदा उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं, आता लेकीकडं गंगापूरला असतात. त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. परवा गुरुवारी मुख्याध्यापकांनी बदली तासाला मला पाठवलं. मी आठवीच्या वर्गात शिरलो, सवयीनं खडू उचलला आणि म्हणालो, "चला, गणिताच्या वह्या काढा."

कुणी वही काढली नाही. बाक भिंतीला सरकवून सगळी जमिनीवर बसलेली, कागदाचा कचरा चहूकडं.

"सर, हा चित्रकलेचा तास हाये," पुढची मुलगी मान वर न करता म्हणाली, आणि मला बसता यावं म्हणून जरा बाजूला झाली.